इंग्लंडमधल्या गावच्या चर्चमधली कॅरल सर्व्हिस : मराठी घरांतून नेहमी येणारे प्रश्न

डिसेंबर लागला की मला फोन यायला लागतात. शहर सोडून खेड्यात घर घेतलेली एखादी मराठी जोडी असते. दारातून पडलेल्या गावपत्रिकेत त्यांनी ‘कॅरल्स बाय कँडललाइट’, म्हणजे मेणबत्त्यांच्या उजेडात नाताळची गाणी, असं वाचलेलं असतं. जावंसं वाटत असतं, पण पाऊल उचलत नाही. मी ग्लॉस्टरशरमधल्या एका लहान गावात चौदा वर्षं राहते आहे. सुरुवातीची काही वर्षं शेवटच्या बाकावर बसले, आता त्या संध्याकाळी गावच्या गायकवृंदात उभी असते. प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढते आहे. हे सगळं चर्च ऑफ इंग्लंडच्या गावातल्या चर्चबद्दल आहे. कॅथलिक किंवा मेथडिस्ट चर्चमध्ये थोडाफार फरक पडेल.

आम्ही हिंदू आहोत. गेलं तर चालतं का? कुणी धर्माबद्दल विचारेल का?

चालतं, आणि तुम्ही आलात याचा तिथल्या माणसांना मनापासून आनंद होतो.

चर्च ऑफ इंग्लंडची सगळी रचना पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीवर उभी आहे. इंग्लंडमधली जवळजवळ प्रत्येक जागा कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या हद्दीत येते, आणि त्या हद्दीत राहणारा माणूस, मग त्याचा धर्म कोणताही असो, त्या पॅरिशचाच धरला जातो. तेव्हा तुम्ही गावात घर घेतलंत त्या दिवसापासून ते चर्च तुमच्याही गावचं झालं. आमच्या चर्चमध्ये एरवीच्या रविवारी वीस-पंचवीस डोकी असतात. कॅरल सर्व्हिसला मात्र मागे उभं राहायलाही जागा उरत नाही. त्या गर्दीतले निम्मे लोक वर्षभर चर्चची पायरी चढत नाहीत. देव मानत नाही असं स्पष्ट सांगणारे माझे दोन शेजारी दरवर्षी न चुकता येतात.

धर्मांतराची धास्ती काहींच्या मनात असते आणि ती बोलून दाखवायला संकोच वाटतो, म्हणून मीच सांगते. चौदा वर्षांत मला एकदाही कुणी तसं विचारलेलं नाही. व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचे पाद्री, पाचेक मिनिटं बोलतात, ख्रिस्तजन्माचा अर्थ त्यांच्या श्रद्धेप्रमाणे सांगतात. ते त्यांचं घर आहे, तिथे ते हेच बोलणार. आपल्याकडे गणपतीत इंग्रज शेजारी आरतीला येतात, टाळ्या वाजवतात, मोदक खाऊन घरी जातात. आपण त्यांना काही विचारतो का? इथेही तसंच आहे.

कॅरल सर्व्हिसमध्ये नेमकं काय होतं?

वाचन आणि गाणं, आलटून पालटून. कीर्तनात आख्यान पुढे सरकतं, मध्येच पद येतं, टाळकरी आणि श्रोते ते उचलून धरतात, पुन्हा कथा सुरू होते. चाल तीच आहे. बायबलमधला एक उतारा कुणीतरी वाचतं, मग सगळे उभे राहून एक कॅरल म्हणतात किंवा नुसता गायकवृंद गातो, मग पुढचा उतारा. साधारण तासाभरात संपतं.

पूर्ण स्वरूपात नऊ वाचनं असतात. पहिलं उत्पत्तीच्या पुस्तकातलं, आदामाने फळ खाल्ल्यानंतर देव त्याला हाक मारतो ते. मग अब्राहामाला दिलेलं वचन, यशया संदेष्ट्याचे दोन उतारे, देवदूत मरियेकडे येतो तो प्रसंग, येशूचा जन्म, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले ज्ञानी, आणि शेवटी योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात. लहान गावात नवाची सहा किंवा सातही करतात. वाचणारे गावातलेच असतात. शाळेतलं एखादं मूल पहिलं वाचन करतं, मग शेतकरी, दुकानदार, शाळेच्या मुख्याध्यापिका असं करत शेवटचं वाचन व्हिकरकडे येतं.

लहानापासून मोठ्यापर्यंत जाणारा हा क्रम पहिल्या सर्व्हिसपासूनचा आहे. कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोला १८८० साली कॅथीड्रलचं बांधकाम चालू होतं, म्हणून उपासना एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत व्हायची. तिथे त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी नऊ वाचनं आणि कॅरल्स अशी उपासना घेतली. बेन्सन पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. ही पद्धत जगभर गेली ती मात्र केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमुळे. तिथे १९१८ साली एरिक मिल्नर-व्हाइट हे नवे डीन, म्हणजे कॉलेजच्या चॅपलचे प्रमुख पाद्री, आले होते. वय चौतीस, नुकतेच युद्धावरून परतलेले. आघाडीवर सैनिकांचे पाद्री म्हणून त्यांनी काय पाहिलं असेल याची कल्पना करा. युद्ध नोव्हेंबरात थांबलं आणि डिसेंबरात त्यांनी ही सर्व्हिस घेतली. १९२८ पासून बीबीसी ती प्रसारित करू लागली, आणि १९३० हे एक वर्ष सोडलं तर आजतागायत दरवर्षी ती रेडिओवर येते. चोवीस तारखेला दुपारी तीनला इंग्लंडमधल्या कितीतरी स्वयंपाकघरांत ती चालू असते.

मिल्नर-व्हाइट यांनी सुरुवातीला म्हणायची एक प्रार्थना लिहिली. गावोगावची चर्चं तीच, थोड्या फेरफाराने, अजून वापरतात. त्यात गरिबांची, आजाऱ्यांची, एकट्या पडलेल्यांची आठवण काढतात, आणि शेवटी जे आता दुसऱ्या तीरावर आहेत त्यांची. १९१८च्या डिसेंबरात ते ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कुणाचा तरी चेहरा उभा राहिला असणार. आमच्या चर्चच्या भिंतीवर त्या युद्धात गेलेल्या गावातल्या मुलांच्या नावांची पाटी आहे. त्यातली चार आडनावं आजही बाकांवर बसलेली असतात. तुम्ही गेलात तर ही प्रार्थना लक्ष देऊन ऐका. माझ्या मते सगळ्या संध्याकाळचं मूळ तिच्यात आहे.

तारीख आणि वेळ कशी कळते?

चर्चच्या फाटकापाशी फलक असतो, गावपत्रिकेत येतं, गावच्या दुकानात कागद लावतात. ‘अ चर्च निअर यू’ या चर्च ऑफ इंग्लंडच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला तरी दिसतं. एकाच व्हिकरकडे पाच-सहा गावं असणं आता नेहमीचं झालं आहे. त्यामुळे सगळ्या गावांची सर्व्हिस एका दिवशी होऊ शकत नाही. आपल्या गावची हुकली तर शेजारच्या गावची गाठा, तिथेही तेवढंच स्वागत होतं. बहुतेक ठिकाणी नाताळच्या आधीच्या रविवारी, चार ते सहाच्या दरम्यान असते. त्या दिवसांत चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून दुपारची सर्व्हिससुद्धा मेणबत्त्यांच्या उजेडातच होते.

काय घालून जायचं? साडी चालेल का? चपला-बूट काढायचे का?

बूट अजिबात काढू नका. दगडी फरशी बर्फासारखी असते आणि तिथे तशी पद्धतही नाही. पुरुषांनी टोपी काढायची असते. पगडी-फेट्याला हे लागू नाही.

साडी, कुंकू, मंगळसूत्र सगळं चालतं. मी पहिल्या वर्षी पैठणी नेसून गेले होते आणि थंडीने दात वाजत होते. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या दगडी भिंती, उंच छप्पर, आणि हीटर लावला तरी त्याची ऊब वर तुळयांपर्यंत निघून जाते. आता मी साडीच्या आत लोकरी थर्मल आणि पायांत जाड मोजे घालते. कोट तर अंगावरून कुणीच काढत नाही.

मेणबत्तीची काळजी मात्र घ्या. दारातच हातात छोटी मेणबत्ती देतात, तिला मेण ओघळू नये म्हणून पुठ्ठ्याची चकती लावलेली असते. दुसऱ्या वर्षी माझ्या ओढणीचं टोक पुढच्या बाकावर लोंबत होतं आणि तिथल्या मुलाच्या मेणबत्तीला लागलं. शेजारच्या काकूंनी तळहाताने दाबून विझवलं म्हणून बोटभर भोकावर भागलं. तेव्हापासून पदर खोचलेला आणि मुलीचे केस बांधलेले असतात. मेणबत्ती पेटवताना पेटलेली सरळ धरायची आणि न पेटलेली तिच्याकडे कलती करायची. उलटं केलं की गरम मेण हातावर सांडतं.

एक टॉर्च घ्या. गावच्या गल्ल्यांत दिवे नसतात. गाडी शेताच्या फाटकासमोर लावू नका. आणि घरून स्वच्छतागृहाला जाऊन निघा, कारण जुन्या चर्चांपैकी पुष्कळांत ती सोयच नाही.

किती आधी पोचावं? कुठे बसावं?

अर्धा तास. दहा मिनिटं आधी गेलात तर खांबाआड बसावं लागतं. बाक लाकडी आणि कडक असतात, कुणी म्हातारं माणूस बरोबर असेल तर घरची उशी न्या. पुढच्या एखाद्या बाकावर राखीव असा कागद असेल तर तो वाचन करणाऱ्यांसाठी. बाकी कुठेही बसा. बाकाला अडकवलेल्या छोट्या भरतकाम केलेल्या गाद्या गुडघे टेकायला असतात, गावातल्या बायकांनी वर्षानुवर्षं बसून त्या विणलेल्या आहेत. त्यांवर पाय ठेवू नका.

आम्हाला गाणी येत नाहीत. नुसतं ऐकलं तर?

ऐकलंत तरी कुणी काही म्हणणार नाही. पण माझं ऐकाल तर म्हणा. बघायला जाऊ नका, म्हणायला जा. हे सगळं प्रेक्षकांसाठी मांडलेलं नाही, आणि आवाज कसा आहे याला इथे काही किंमत नाही. आपल्या आरतीत ‘संकटी पावावे’ला सगळं घर एका पट्टीत येतं का? तरी ती आरतीच असते.

शब्दांचा कागद दारात देतात. चाली सोप्या आहेत, दुसऱ्या कडव्यापर्यंत ओठांवर येतात. घरून थोडी तयारी करायची असेल तर या चार ऐकून जा: ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’, ‘ओ कम ऑल यी फेथफुल’, ‘हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग’ आणि ‘सायलेंट नाइट’. जवळजवळ सगळीकडे यांतल्या तीन तरी असतातच.

पहिलं गाणं सुरू होतं तेव्हा एकदम उभे राहून गाऊ नका. दिवे मालवलेले असतात आणि चर्चच्या मागच्या टोकाकडून एकच मूल, बिनवाद्याचं, पहिलं कडवं गातं. किंग्ज कॉलेजात १९१९ पासून सर्व्हिसची सुरुवात याच गाण्याने होते, आणि गावांनी ती रीत उचलली. सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांनी हे गाणं मुलांसाठी लिहिलं, १८४८ साली छापलं. गावच्या चर्चमध्ये तो आवाज सराईत नसतो. कधी थरथरतो. आमच्याकडे एका वर्षी गाणारी मुलगी तिसऱ्या ओळीला अडली, आणि अंधारातून पाच-सहा आवाजांनी हळूच ती ओळ तिच्या हाती दिली. ती पुढे गायली. तसं किंग्ज कॉलेजात कधी ऐकायला मिळणार नाही.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना एक धक्का बसतो: शब्द ओळखीचे, चाल भलतीच. ‘ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम’ अमेरिकेत वेगळ्या चालीवर म्हणतात. इंग्लंडमधली चाल संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी सरी परगण्यातल्या फॉरेस्ट ग्रीन नावाच्या खेड्यात एका लोकगीतावरून टिपून घेतली, आणि चालीला नावही त्या खेड्याचंच पडलं. ‘अवे इन अ मेंजर’चंही तसंच, अटलांटिकच्या दोन बाजूंना दोन चाली. ‘इन द ब्लीक मिडविंटर’ या क्रिस्टिना रोझेटी यांच्या कवितेच्या इथेच दोन चाली आहेत. गुस्ताव होल्स्ट यांची सगळ्यांनी मिळून म्हणायची, आणि हॅरल्ड डार्क यांची बहुधा गायकवृंदाची.

‘द हॉली अँड द आयव्ही’चं तर आमच्या परगण्याशी नातं आहे. आज सगळीकडे जी चाल म्हणतात ती सेसिल शार्प यांनी चिपिंग कॅम्डनमध्ये एका बाईच्या तोंडून ऐकून लिहून घेतली. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून गोळा करणाऱ्यांनी जे केलं, तेच शार्प आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी इथे केलं. यॉर्कशरकडे राहत असाल तर ‘व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड’ हे एकच गाणं अनेक चालींवर ऐकायला मिळेल. शेफिल्डच्या बाजूच्या डंगवर्थ, स्टॅनिंग्टनसारख्या गावांत तर जुनी कॅरल्स नोव्हेंबरपासून पबमध्ये गातात. पूर्वी गावच्या चर्चमध्ये वरच्या माडीवर फिडल, बासून (फुंकून वाजवायचं वाद्य) अशी वाद्यं घेऊन गावकऱ्यांचाच ताफा बसायचा. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या जागी ऑर्गन आणि हार्मोनियम आले, ताफे मोडले, आणि त्यांच्या गाण्यांनी पबचा आसरा घेतला.

लहान चर्चमध्ये अजूनही कोपऱ्यात पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन दिसतो. माझ्या सासूबाईंनी तो पाहिला आणि त्या जागच्या हलेनात. संगीत नाटकात रंगमंचासमोर वाजायची ती पायपेटी! त्यांच्या लहानपणी मिरजेला ऐकलेला तो आवाज त्यांना इथे ओळखता आला.

शेवटच्या कडव्याला गायकवृंदातल्या बायका-मुलं अचानक वरच्या सुरात वेगळंच काही गाऊ लागतात. त्याला डिस्कँट म्हणतात. गोंधळून जाऊ नका, आपली मूळ चाल धरून ठेवा. आणि ‘ओ कम ऑल यी फेथफुल’चं शेवटचं कडवं कागदावर नसलं तर ती छपाईची चूक नाही. त्यात ‘आज सकाळी जन्मलेल्या’ येशूला वंदन आहे, म्हणून ते नाताळच्या मध्यरात्रीनंतरच म्हणायचा रिवाज आहे.

कधी उभं राहायचं, कधी बसायचं? प्रार्थनेला काय करायचं?

सगळ्यांनी म्हणायच्या कॅरलला उभं, बाकी वेळ बसून. कागदावर लिहिलेलं असतं, नसलं तर पुढच्या ओळीकडे बघा. गुडघे दुखत असतील तर बसून राहा. प्रार्थनेला शांत बसलं, मान थोडी खाली केली, की पुरे. ‘आमेन’ म्हणायचं की नाही हे तुमच्यावर आहे. मी म्हणते. माझे यजमान म्हणत नाहीत. एकाच बाकावर बसायचो तेव्हाही तसंच.

चर्चच्या आवारात थडगी असतात. आईंना तिथून जायला नको वाटतं.

हा प्रश्न मला फार वेळा येतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. रात्री स्मशानातून चालत देवळात जायचं ही गोष्ट आपल्या माणसांना पटकन पचत नाही. गावच्या चर्चला वळसा घालून जायची वाट क्वचितच असते. फाटकातून दारापर्यंतचा रस्ता थडग्यांमधूनच जातो, आणि शेजारी बहुधा एखादं प्रचंड, काळपट हिरवं य्यूचं झाड असतं.

इथल्या लोकांची भावना वेगळी आहे. आपली गेलेली माणसं देवाच्या दारापाशी आहेत, येता-जाता भेटतात, असं ते मानतात. नाताळात पुष्कळ थडग्यांवर हॉलीच्या फांद्यांची चक्रं ठेवलेली दिसतील. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आल्या, आणि घरी परतल्यावर अंघोळ केली. मी पाणी तापवून ठेवलं होतं. दोन्ही श्रद्धांचा मान राहिला. तुमच्या घरी जे योग्य वाटेल ते करा, कुणाला समजावून देण्याची गरज नाही.

मुलं लहान आहेत, तासभर बसणार नाहीत.

मग कॅरल सर्व्हिसऐवजी त्यांना क्रिब सर्व्हिसला न्या. चोवीस तारखेला दुपारी असते, मेंढरं आणि देवदूत बनलेली तीन-चार वर्षांची पोरं सगळीकडे धावत असतात, गोंगाट गृहीतच धरलेला असतो.

क्रिस्टिंगल सर्व्हिसही मुलांना फार आवडते. प्रत्येकाला एक संत्रं देतात. संत्रं म्हणजे जग, त्याला बांधलेली लाल फीत, चार काड्यांवर टोचलेला सुकामेवा किंवा गोळ्या, आणि मधोमध मेणबत्ती. ही पद्धत मोरेव्हियन पंथाची, जर्मनीत १७४७ साली सुरू झालेली. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ती १९६८ साली आली. गोळ्या जेलीच्या असतील तर त्यांत जिलेटिन असू शकतं, शाकाहारी घरांनी पाहून घ्यावं.

पैसे द्यावे लागतात का?

तिकीट नसतं. शेवटच्या एखाद्या गाण्याच्या वेळी पिशवी किंवा ताट फिरतं, किंवा दाराशी कार्डाचं यंत्र असतं. द्यायलाच हवं असं नाही, आणि ताट पुढे सरकवलं तर कुणी बघत नाही. आम्ही दोघांचे मिळून दहा पौंड टाकतो. बरेचदा ती रक्कम एखाद्या धर्मादाय कामाला जाते, ते आधी सांगतात. चर्चला सरकारी पगारपाणी असेल असं आपल्याला वाटतं, पण छप्पर गळलं तर ते दुरुस्त करायचा भार गावच्या चर्चमंडळावरच असतो. तुम्ही इथे आयकर भरत असाल तर गिफ्ट एडच्या पाकिटात घाला, एका पौंडामागे सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स चर्चला मिळतात.

नंतरचं खाणं-पिणं आम्हाला चालेल का? मिन्स पायमध्ये मांस असतं का?

हे नीट वाचा, कारण इथे चूक व्हायला फार सोपी जागा आहे.

मिन्स पायमध्ये आता मांस नसतं. मनुका, बेदाणे, सफरचंद, संत्र्याची साल, मसाले असं गोड सारण असतं. पण त्या सारणात पारंपरिक रीतीने स्युएट घालतात, आणि स्युएट म्हणजे गाईबैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. आता वनस्पती तेलाचं स्युएटही मिळतं आणि दुकानातल्या अनेक खोक्यांवर शाकाहारी असल्याचं छापलेलं असतं. पण गावच्या चर्चमध्ये पाय घरी केलेले असतात, म्हणून विचारा. ‘यात व्हेजिटेबल स्युएट आहे का?’ एवढं विचारलं की पुरे. करणाऱ्या बाईला राग येत नाही, उलट त्या पाककृती सांगत बसतात. सारणात ब्रँडीही असू शकते. सॉसेज रोलमध्ये डुकराचं मांस असतं.

मल्ड वाइन म्हणजे दालचिनी, लवंग, संत्रं घालून गरम केलेली लाल वाइन. वास आपल्या मसाल्याच्या डब्याचाच येतो, पण दारू ती दारूच. शेजारी सफरचंदाचा गरम रस किंवा चहा असतो. आपलं काही न्यायचं असेल तर जरूर न्या. मी शंकरपाळे नेते. डबा कधी भरलेला परत आला नाही. त्यावर ‘अंडं नाही, गव्हाचं पीठ आणि तूप आहे’ अशी चिठ्ठी लावते, कारण इथेही कुणाला काही वर्ज्य असतं.

घाईने निघून जाऊ नका. नवीन गावात ओळखी होण्यासाठी त्या वीस मिनिटांसारखी दुसरी संधी वर्षभरात मिळत नाही. माझा प्लंबर, मुलीची पियानोची शिक्षिका आणि बर्फात अडकल्यावर ट्रॅक्टर घेऊन येणारा शेतकरी, तिघे मला चर्चच्या मागच्या टेबलापाशीच भेटले.

फोटो काढावेत का?

सुरू व्हायच्या आधी सजावटीचे काढा. सर्व्हिस चालू असताना फोन खिशात. दुसऱ्यांची मुलं दिसतील असे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

व्हिकरना काय म्हणायचं?

बहुतेक जण स्वतःच पहिल्या नावाने हाक मारायला सांगतात. माहीत नसेल तर ‘व्हिकर’ म्हटलं तरी चालतं. व्हिकर बाई असल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९९४ पासून स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा मिळते.

मिडनाइट मासलाही जाता येईल का?

येईल, पण ती वेगळी गोष्ट. चोवीसच्या रात्री अकरा-साडेअकराला सुरू होते आणि तिथे पवित्र भोजन असतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस. बाप्तिस्मा न झालेल्यांनी ते घ्यायचं नसतं. रांगेने सगळे पुढे जातात तेव्हा आपल्या जागी बसून राहिलं तरी ठीक. किंवा पुढे जाऊन मान वाकवायची, हात पुढे करायचे नाहीत, म्हणजे व्हिकर फक्त आशीर्वाद देतात. पहिल्यांदाच जात असाल तर मी कॅरल सर्व्हिसच सुचवेन.

मराठीत असं काही आहे का?

आहे, आणि इथल्या मुलांना ते जरूर सांगावं. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. अहिल्यानगर, सोलापूर, पुण्याकडच्या मराठी चर्चांत पेटी-तबल्यावर नाताळची गीतं होतात, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणावर रचलेली भक्तिगीतं शंभरहून अधिक वर्षं तिथे म्हटली जात आहेत. ख्रिस्तजन्माची कथा आपल्या भाषेला परकी नाही.

मला वाचन कराल का असं विचारलं आहे. उच्चार इंग्रजांसारखे नाहीत, काय करू?

हो म्हणा. ते तुम्हाला गावातलं माणूस मानतात म्हणून विचारतात, आणि उच्चारांसाठी कुणी तुम्हाला निवडलेलं नाही.

उतारा आधी मिळतो. घरी मोठ्याने चार-पाच वेळा वाचा. वाटतं त्याहून हळू वाचा, कारण दगडी चर्चमध्ये शब्द घुमतो आणि पुढचा शब्द त्यावर आदळतो. क्विरिनियस वगैरे नावं व्हिकरना विचारून घ्या. इथल्या लोकांनाही ती येत नाहीत. गरुडाच्या आकाराच्या पितळी किंवा लाकडी स्टँडवर पुस्तक ठेवलेलं असतं, पान बरोबर उघडलं आहे ना ते आधी जाऊन पाहून या. चष्मा विसरू नका, उजेड मेणबत्त्यांचा असतो.

मला पहिल्यांदा लूकच्या शुभवर्तमानातला उतारा आला होता. सम्राटाचा हुकूम निघतो की सगळ्यांची नोंद करा, प्रत्येक जण नाव नोंदवायला आपापल्या मूळ गावी जातो, आणि दिवस भरलेली मरिया योसेफाबरोबर बेथलेहेमला पोचते तेव्हा उतरायला जागा मिळत नाही. त्या वर्षी बाबा साताऱ्याहून आले होते. जन्मभर प्राथमिक शाळेत शिक्षक, इंग्रजी वाचलेलं कळतं, ऐकलेलं कमी. मी वाचून जागेवर येऊन बसले तेव्हा ते काही बोलले नाहीत. घरी परतताना टॉर्चच्या उजेडात चालता चालता म्हणाले, “जनगणनेची ड्यूटी मीही केली. वाड्या-वस्त्यांवर घरोघर फिरलो. पण कुणाला मूळ गावी जाऊन नाव लावा असं आम्ही कधी सांगितलं नाही. आणि बाळंतपणाला आलेल्या बाईला तर आत पडू दे म्हणायचो, ओट्यावर बसून तिच्या सासऱ्याकडून लिहून घ्यायचो.”